कापसाच्या वावरातून निघालेले अल्बम आमच्या आवृत्तीतही येऊ द्या

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका निवृत्त गुरुजींचं पत्र छापून आलं होतं, खेड्यातली पोरं इंग्रजी गाणी ऐकून बिघडून राहिली, हा सगळा धांगडधिंगा आहे, आपल्या मातीशी ह्याचा काडीचा संबंध नाही असं त्यांचं म्हणणं. गुरुजींच्या कळकळीबद्दल मला आदर आहे, पण ते मातीचं वाक्य वाचल्यापासून मला स्वस्थ बसवेना म्हणून हे पत्र लिहून राहिलो. कारण रॉक म्हणा, सोल म्हणा, ह्या सगळ्याच्या मुळाशी अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं जे ब्लूज गाणं आहे ते कापसाच्या वावरातून निघालेलं आहे, आणि कापसाच्या वावराशी आमचा संबंध नाही तर कोणाचा आहे?

थोडं मागं जाऊन सांगतो. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, दक्षिणेतल्या कापसाची नाकेबंदी झाली, इंग्रजांच्या लँकेशायरच्या गिरण्या बंद पडायला आल्या आणि मग त्यांना आमचं वऱ्हाड आठवलं. पऱ्हाटीचा पेरा वाढला, भाव आभाळाला टेकला, १८६७ ला रेल्वे नागपूरपर्यंत आली. तिकडचं युद्ध संपलं तसा इकडचा भाव कोसळला. म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातला कास्तकार आणि यवतमाळचा कास्तकार एकमेकाचं तोंड न पाहता दीडशे वर्षांपासून एकाच बाजाराला बांधलेले आहेत. तिथं गुलामगिरी कागदावर संपली, पण काळ्या माणसाच्या हाती जमीन आली नाही, तो मालकाच्या जमिनीवर बटईनं राहिला, बी-बियाणं, पीठ-मीठ मालकाच्याच दुकानातून उधार, हंगाम संपल्यावर हिशोब मालकच करणार आणि हिशोबात बटईदाराकडंच काहीतरी बाकी निघणार. हे वाचताना मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही, आमच्या तालुक्यात कोणालाच लागणार नाही.

तिथंही बोंडावर किडा आला होता, बोल वीव्हिल नावाचा, मेक्सिकोकडून टेक्सासात शिरला आणि सगळा दक्षिण कापूसपट्टा खात गेला. चार्ली पॅटन नावाच्या गायकानं त्या किड्यावर गाणं म्हटलं आणि १९२९ मधे त्याची तबकडी निघाली. आमच्याकडं २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं वावरंच्या वावरं पोखरली, त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, सगळ्या देशानं बातम्या पाहिल्या. त्याच्यावर भजनी मंडळात, दंडारीत कोणी काही जोडून म्हटलंही असेल पण ते हवेत विरलं, आज ऐकायचं म्हटलं तर कुठं ऐकणार?

ह्याचसाठी मला मडी वॉटर्सची गोष्ट पेपरात यायला पाहिजे असं वाटते. हा माणूस मिसिसिपीतल्या स्टोव्हॉल नावाच्या मळ्यावर मजूर होता. १९४१ मधे ॲलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क हे दोघं वॉशिंग्टनच्या सरकारी ग्रंथालयासाठी लोकगाणी जमा करत फिरत होते, ते रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन त्याच्या झोपडीत गेले. आपलाच आवाज त्यानं मशीनमधून ऐकला. पुढं त्याला त्या रेकॉर्डच्या प्रती आणि वीस डॉलरचा चेक आला. दोन वर्षांनी मुकादमाला मजुरी वाढवून मागितली, मुकादम नाही म्हणाला, तसा हा गडी शिकागोच्या गाडीत बसून निघून गेला. शिकागोच्या बारमधल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना म्हणून विजेची गिटार घेतली आणि तिथून पुढं अख्ख्या रॉकचा आवाजच ठरून गेला. त्याचा ‘ॲट न्यूपोर्ट १९६०’ हा अल्बम ऐका, मैदानावरच्या जाझ महोत्सवात केलेलं थेट रेकॉर्डिंग आहे, सुरुवातीला सगळं सावकाश आहे आणि शेवटाकडं ‘गॉट माय मोजो वर्किंग’ येते तोपर्यंत समोरची माणसं पुरी तापलेली असतात. एखादं गाणं तोडून रीलमधे ऐकलं तर हा चढ हातात येतच नाही.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या पेपरात परदेशी गाण्यांबद्दल येत नाही असं नाही. २०२५ च्या जानेवारीत नवी मुंबईत कोल्डप्ले आलं तेव्हा सगळ्याच पेपरांत तिकिटाचा भाव, ट्रॅफिक, कोण हिरोईन आली होती हे रोज होतं. गाण्याबद्दल मात्र ओळ सापडत नव्हती. आणि शहर आवृत्तीत कधीमधी येणारा संगीतावरचा मजकूर आमच्या ग्रामीण आवृत्तीत येतच नाही, त्या जागी खताच्या जाहिराती असतात. नागपूरला भाच्याकडं गेलो की त्याच्याकडचा अंक पाहतो म्हणून माहीत आहे. जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही हे समजते, तक्रार तेवढ्यासाठी नाही. तक्रार अशी आहे की खेड्यातल्या माणसाला हे कळणार नाही असं कोणीतरी आधीच धरून ठेवलं आहे, गुरुजींनी तेच धरलं आणि तुमच्या डेस्कनंही तेच धरलं.

कळते का नाही ते मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी आमच्या अंगणात काटा लागतो, बाया आपापली गाठोडी घेऊन रांगेत बसतात, किलोवर मजुरी असते म्हणून सगळ्यांचं लक्ष काट्याकडं. अशा वेळी माझ्या छोट्या स्पीकरवर बी. बी. किंगचा ‘लाइव्ह ॲट द रीगल’ चालू होता. २१ नोव्हेंबर १९६४ ला शिकागोच्या रीगल थिएटरात झालेला कार्यक्रम, १९६५ ला रेकॉर्ड म्हणून आला. त्यात एक गाणं आहे, ‘हाऊ ब्लू कॅन यू गेट’, नवरा गाऱ्हाणं सांगते की तुला नवी फोर्ड घेऊन दिली तं तुला कॅडिलॅक पाहिजे होती, दहा डॉलरचं जेवण खाऊ घातलं तं तू त्याला फराळ म्हणाली, आणि सात लेकरं दिली तं आता म्हणते वापस घे. ह्या सात लेकरांच्या ओळीवर थिएटरातल्या बाया अशा किंचाळतात की पुढचे सूर ऐकू येत नाहीत. मी काटा थांबवून एवढा अर्थ सांगितला आणि गाणं मागं घेऊन परत लावलं. ती ओळ आली तशी अंगणात हशा पिकला आणि गाठोड्यावर बसलेली एक मावशी म्हणाली, “बरं केलं तिनं, सात लेकरं पोसाची म्हणजे काय मजाक हाय का?” दुसरीनं विचारलं हा बुवा मधीमधी गप्प काऊन होते. मी सांगितलं की तो गप्प झाला की त्याची गिटार बोलते, आणि मग त्या बायांनी गाण्याचा उरलेला भाग गिटार कधी बोलते ते धरून ऐकला. ह्या माणसाची सगळी कला एका प्रश्नात त्या बाईनं पकडली होती. बी. बी. किंग गाताना वाजवत नाही आणि वाजवताना गात नाही, त्याची ल्युसील नावाची गिटार दुसऱ्या गळ्यासारखी उत्तर देते, आणि हे आमच्या अंगणात कोणालाही शिकवावं लागलं नाही.

हा बी. बी. किंग म्हणजे काही शहरात वाढलेला माणूस नाही. मिसिसिपीत मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. एक दिवस बंद केलेला ट्रॅक्टर पुढं सरकला आणि त्याचा सायलेन्सर मोडला, तर मालकाच्या धाकानं गिटार घेऊन मेम्फिसला पळून गेला, आणि नंतर वापस येऊन काम करून ते नुकसान फेडलं. बडी गाय हा दुसरा मोठा गिटारवाला, लुईझियानात कापूस वेचत वाढला, लहानपणी खिडकीच्या जाळीची तार काढून वाद्य बनवायचा. आमच्याकडं एका तारेच्या तुणतुण्यावर पिढ्या गेल्या. तिकडं पोरं भिंतीला किंवा फळीला एक तार ठोकून काचेच्या बाटलीनं वाजवत, आणि त्यातूनच ती घसरत जाणारी गिटार आली, जिचा सूर आपल्या मींडेच्या इतका जवळ आहे की १९९२ मधे अमेरिकन गिटारवाला राय कूडर आणि आपले पंडित विश्वमोहन भट्ट हे दोघं काही फार तयारी न करता समोरासमोर बसले आणि ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ नावाचा अल्बम करून उठले. त्याला ग्रॅमी मिळालं.

अल्बम अल्बम म्हणतो तर तो असा वेगळा काय असतो हे पण लिहितो, कारण आमच्याकडच्या बऱ्याच पोरांना गाणं म्हणजे तीस सेकंदाचा तुकडा एवढंच ठाऊक आहे. जुन्या ७८ च्या तबकडीत एका बाजूला तीनेक मिनिटांचंच गाणं मावायचं. रॉबर्ट जॉन्सन नावाच्या ब्लूज गायकानं १९३६ आणि ३७ मधे टेक्सासात मिळून २९ गाणी रेकॉर्ड केली आणि १९३८ मधे २७ व्या वर्षी गेला, फारसं कोणाला माहीतही झालं नाही. १९४८ ला लाँग प्ले तबकडी आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं बसू लागली. मग १९६१ मधे जॉन्सनची १६ गाणी एका लाँग प्लेवर एकत्र आली आणि इंग्लंड-अमेरिकेतल्या पोरांनी ती झिजेपर्यंत ऐकली, पुढं मोठा गिटारवाला झालेला एरिक क्लॅप्टन त्यातलाच. एक एक सुटं गाणं जे करू शकलं नाही ते सोळा गाणी एका ओळीत लावल्यावर झालं. पुढं गायक लोक मुद्दाम असा विचार करून अल्बम बांधू लागले की आधी काय, मग काय, बाजू कुठं संपवायची.

माझ्या मतानं ह्यात सगळ्यात वरचा अल्बम मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’, १९७१. कोणी म्हणेल बीटल्सचा, कोणी म्हणेल पिंक फ्लॉइडचा, ते आपल्या जागी. मार्विनचा भाऊ व्हिएतनामच्या लढाईतून वापस आला होता, त्याच्याकडून ऐकलेलं ह्याच्या डोक्यात बसलं होतं. मोटाऊन ही त्याची कंपनी प्रेमाच्या गाण्यांवर चालायची, मालक बेरी गॉर्डीला हे गाणं बिलकूल पटलं नव्हतं, तरी ते बाहेर आलं आणि चाललं. अल्बममधे नऊ गाणी आहेत पण ती एकमेकात अशी मिसळलेली आहेत की एक संपलं कुठं आणि दुसरं सुरू झालं कुठं कळत नाही, लढाईहून आलेल्या पोराची नजर, मग बेकारी, मग देव, मग पोटापाण्याचा खर्च आणि टॅक्स, सगळं एका दमात येते, पस्तीसेक मिनिटांत. त्यात ‘मर्सी मर्सी मी’ आहे, वाऱ्यात विष आहे, माशात पारा आहे असं तो गोड आवाजात म्हणते. ज्या जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली त्या जिल्ह्यात हे गाणं परकं कसं म्हणायचं ते गुरुजींनी मला सांगावं, मी अगदी मनापासून विचारतो.

आणि देवाधर्माचं म्हणाल तर अरेथा फ्रँकलिनचा ‘अमेझिंग ग्रेस’. तिचे वडील नावाजलेले धर्मोपदेशक, ती चर्चमधे गात मोठी झाली, मग तिची सोल गाणी जगभर गाजली, आणि एवढं नाव झाल्यावर १९७२ च्या जानेवारीत ती लॉस एंजेलिसच्या एका चर्चमधे दोन रात्री फक्त भक्तिगीतं गायली. तिच्या सगळ्या रेकॉर्डमधे सगळ्यात जास्त खपलेली हीच. ऐकताना पहा, ती एक ओळ घेते, मागचं मंडळ उचलते, समोर बसलेले लोक मधेच हाक देतात, कोणी रडते, कोणी टाळी धरते. आमच्या पंचक्रोशीत ज्याच्या घरी आजा-पणजा गाडगेबाबांच्या कीर्तनाला जाऊन आलेला आहे त्यानं “गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला” ला मागून लोक कसे उसळायचे ते ऐकलेलं असतेच. तुकडोजी महाराजांची खंजिरी तर मोझरीहून गावोगाव पोचली. ही हाक आणि ते उत्तर, दोन्हीकडं सारखं आहे. आमच्या भजनी मंडळातले एक बुवा, वय झालेलं आहे, इंग्रजीचा गंध नाही, त्यांना ते शीर्षकाचं गाणं पुरं ऐकवलं, दहा मिनिटांच्या वर चालते ते, ऐकून म्हणाले, “ह्या बाईचा आवाज पोटातून येऊन रायला, गळ्यातून नाही.” दुसऱ्या रात्री त्या चर्चमधे मागच्या बाजूला रोलिंग स्टोन्सचा मिक जॅगर येऊन बसला होता, शिकायला आला होता असंच मी म्हणीन.

ओटिस रेडिंगचं थोडक्यात. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीनं एका जुन्या सिनेमा टॉकीजचा स्टुडिओ केला होता, उतरती जमीन तशीच ठेवली, आणि त्या हॉलमधे १९६५ च्या जुलैत ‘ओटिस ब्लू’ हा जवळजवळ अख्खा अल्बम एका दिवस-रात्रीत झाला. मागं वाजवणाऱ्यांत काळे-गोरे दोन्ही, तेही त्या काळच्या मेम्फिसमधे जिथं हॉटेलात एकत्र बसायची पंचाईत होती. दोन वर्षांनी विमान पडून ओटिस गेला, वय २६. आमच्या तालुक्यातली टॉकीज बंद पडून आता तिथं सरकीच्या ढेपेचं गोडाऊन आहे, तिथून जाताना मला दरवेळी स्टॅक्स आठवते.

रॉकवाल्यांनी हे सगळं घेतलं कुठून आणि कसं घेतलं हे पण लिहिलं गेलं पाहिजे, नुसतं कौतुक नको. १९६१ मधे लंडनजवळच्या डार्टफर्ड स्टेशनवर कीथ रिचर्ड्सला मिक जॅगर भेटला तेव्हा जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या रेकॉर्डी होत्या. पुढं ह्या दोघांच्या बँडचं रोलिंग स्टोन्स हे नावच मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलं आणि ते कधी लपवलं नाही. १९७२ चा त्यांचा ‘एक्साइल ऑन मेन स्ट्रीट’ मला खूप आवडते, त्यात रॉबर्ट जॉन्सनचं एक गाणंही आहे. पण सगळे असे नव्हते. लेड झेपलिन ह्या इंग्रज बँडच्या १९६९ च्या दुसऱ्या अल्बममधलं ‘होल लॉटा लव्ह’ तुफान चाललं, त्यातले शब्द विली डिक्सन ह्या ब्लूज गीतकाराच्या गाण्यातले होते आणि त्याचं नाव कुठं नव्हतं, त्याला १९८५ मधे कोर्टात जावं लागलं, १९८७ ला तडजोड झाली. कापूस कोणाच्या वावरातला आणि गाठीवर शिक्का कोणाचा हे आम्हाला नवीन नाही, म्हणून अशा गोष्टी आमच्या वाचकाला अर्ध्या शब्दात कळतील.

आणि काळ्या लोकांच्या लढ्याशी महाराष्ट्राचं नातं गाण्याच्याही आधीचं आहे. बाबासाहेबांनी १९४६ मधे काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे अमेरिकन विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलं. आमच्या विदर्भात भीमगीतं रात्र-रात्र चालतात, ज्याच्या कानावर ती पडली आहेत त्याला ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ समजायला डिग्री लागत नाही.

तर माझी मागणी साधी आहे. ग्रामीण आवृत्तीत आठवड्यातून एकदा एका अल्बमबद्दल एक चौकोन छापा, तीनशे शब्द पुरे. त्यात तारे किती दिले ते नको. ती माणसं कुठली, आधी काय काम करत होती, रेकॉर्डिंग कुठं झालं, मागं कोण वाजवते, पैसा कोणाला मिळाला, आणि ऐकताना कुठं कान द्यायचा एवढं पाहिजे. सुरुवात वर लिहिलेल्यांतून कुठूनही करा, माझं म्हणाल तर ‘लाइव्ह ॲट द रीगल’ पासून करा कारण तो कोणालाही पहिल्या फटक्यात लागते. मिसिसिपी जॉन हर्ट पण घ्या, १९२८ ला रेकॉर्ड केल्यावर पस्तीस वर्षं ज्याला सगळे विसरले, आपल्या गावात मजुरी करत राहिला आणि १९६३ ला त्याच्याच गाण्यातल्या गावाच्या नावावरून लोकांनी त्याला शोधून काढलं. असा एखादा हर्ट आमच्याही गावांत असेल, म्हणून त्याच चौकोनाखाली दोन ओळी टाका की ज्याच्याकडं वेचणीची, जात्यावरची, दंडारीची गाणी म्हणणारं म्हातारं माणूस आहे त्यानं ती मोबाईलमधे भरून पेपरला कळवावं. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखाच्या वर ओव्या जमवल्या ते काम आहेच, आमच्या वऱ्हाडातल्या कापसाच्या गाण्यांसाठी पेपरनं थोडा पुढाकार घेतला तर आमच्याकडून लागेल ती मदत होईल, ऑडिओ जमा करायला मी गावोगाव फिरायला तयार आहे.

एक शेवटचं, अल्बमचं आणि गायकाचं नाव देवनागरीत आणि बोलतात तसं छापा. आमच्याकडची पोरं, आणि आता बायापण, मोबाईलला बोलून गाणी शोधतात, नाव नीट म्हणता आलं तर लगेच सापडते. आणि वार बुधवार ठेवला तर बरं, आमच्याकडं रविवारचा अंक दुपारच्या एसटीनं येते आणि तोपर्यंत सगळे बाजाराला गेलेले असतात.

आपला,
एक कास्तकार वाचक,
ता. राळेगाव, जि. यवतमाळ